चुनखडीच्या खाणीभोवतीची जमीन आणि जीवसृष्टी : माती उचलण्यापासून खाण बंद होईपर्यंतची कामे

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा, कोरपना आणि जिवती तालुक्यांत काळ्या मातीखाली चुनखडीचे जाड थर आहेत. दख्खनच्या काळ्या पाषाणापेक्षा कितीतरी जुना असलेला हा दगड गडचांदूर, आवारपूर, उपरवाही येथील सिमेंट कारखान्यांना पुरवला जातो, आणि त्याच दगडावर कापूस-तुरीची शेते, साग-ऐन-धावड्याचे जंगल आणि गोंड-कोलामांचे गुडे (पाडे) वसलेले आहेत. हा सारा पट्टा ताडोबा आणि तेलंगणातील कवल या दोन व्याघ्र प्रकल्पांच्या मधे येतो, त्यामुळे येथील खदानीचा परिणाम लीजच्या (खाणपट्ट्याच्या) खांबांपाशी थांबत नाही.

हा लेख खाणीत पर्यावरणाचे काम पाहणाऱ्यांसाठी आहे, तसाच ग्रामसभेच्या, जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या सदस्यांसाठी आणि गावात रोपवाटिका चालवणाऱ्यांसाठीही आहे. या भागात लागवडीची कामे करताना एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. पुनर्वसित, म्हणजे खाणकामानंतर पुन्हा जिवंत केलेल्या, जमिनीत झाडे सर्वांत शेवटी येतात. आधी माती, मग पाण्याची वाट, मग गवत, आणि त्यानंतर झाडे. हा क्रम उलटा केला की रोपांची संख्या अहवालात भरते आणि जमीन मात्र उघडीच राहते.

पहिल्या ब्लास्टिंगआधीचे एक वर्ष

जमिनीवर काय होते हे लिहून ठेवलेले नसेल, तर पुढे काय परत आणायचे हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून खोदकाम सुरू होण्याआधी हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा अशा तिन्ही ऋतूंत पाहणी करावी. एकाच भेटीत केलेली यादी फसवी असते, कारण जी जमीन मे महिन्यात ओसाड माळ वाटते तिच्यात ऑगस्टमध्ये गवताच्या आणि कंदवर्गीय वनस्पतींच्या अनेक जाती निघतात, आणि जी ओल पावसाळ्यात सगळीकडे असते ती एप्रिलमध्ये कोणत्या एका झऱ्यापाशी टिकते, हे फक्त एप्रिलमध्येच दिसते.

पाहणी करताना गुराखी, मोह-तेंदू वेचणाऱ्या बाया आणि जुने शेतकरी यांना बरोबर घ्यावे. कोणत्या कड्यावर दरवर्षी आग्या मोहोळ बसते, कोणत्या ओढ्याने नीलगाय पाण्यावर येते, कोणत्या विहिरीला उन्हाळ्यातही पाणी असते, ही माहिती त्यांच्याकडे तयार असते. जैवविविधता कायदा, २००२ अन्वये गावाची लोक जैवविविधता नोंदवही (गावातील जीवसृष्टीची लेखी नोंद) झालेली असेल तर ती आधी वाचावी. झालेली नसेल तर ती करण्याची हीच वेळ आहे.

याच वर्षात लीजच्या आत आणि भोवती एक ‘साक्षी तुकडा’ निवडावा. म्हणजे असा दोन-चार हेक्टरचा चांगला भाग, की जो कधीही खोदला जाणार नाही, जेथून पुढे गवताचे आणि झाडांचे बी मिळेल आणि ज्याच्याशी पुनर्वसित जमिनीची तुलना करता येईल. लीजच्या हद्दीलगत साडेसात मीटरचा पट्टा सुरक्षेसाठी न खोदता सोडावाच लागतो. त्याला जोडून हा तुकडा घेतला तर दोन्हींचा उपयोग वाढतो. परिसरातील विहिरींची पाणीपातळी मे आणि नोव्हेंबरमध्ये मोजण्यास येथूनच सुरुवात करावी, कारण चुनखडीतील पाणी भेगांमधून वाहते आणि खाणीतला उपसा वाढला की कोणत्या दिशेच्या विहिरी आटतील हे नुसत्या अंदाजाने सांगता येत नाही.

वरची माती : सर्वांत महाग आणि सर्वांत दुर्लक्षित

वरचा सुमारे एक फुटाचा थर म्हणजे नुसती माती नव्हे. त्यात गवताचे बी, बुरशीचे धागे, जिवाणू, गांडुळे आणि मुळांचे तुकडे असतात. त्याच्या खालची पिवळी माती आणि त्याखालचा दगड-मुरूम यांत यातले फारसे काहीच नसते. म्हणून तीन थर तीन वेगळ्या ढिगांत ठेवावेत आणि प्रत्येक ढिगावर तारखेची पाटी लावावी.

काळी माती ओली असताना कधीही उचलू नये. ओल्या मातीवरून डम्पर गेला की तिची पोकळी दबून जाते, आणि मग ती सुकल्यावर विटेसारखी होते. उत्तम काळ फेब्रुवारी ते मे. शक्य असेल तेथे उचललेली माती त्याच हंगामात तयार उतारावर थेट पसरावी. साठवण करावीच लागली तर ढिगाची उंची दोन मीटरच्या आत ठेवावी, त्यावर ताग किंवा धैंचा पेरावा, आणि भोवती चर काढावा.

उंचीचा आग्रह का, ते सांगतो. एका खाणीत आठ-नऊ मीटर उंच ढिगातली सहा वर्षे जुनी माती पसरायला काढली होती. वरची माती काळी आणि भुसभुशीत होती, पण पोकलेनने आतला भाग उपसला तेव्हा ढेकळे निळसर करड्या रंगाची निघाली. हातात घेतल्यावर साचलेल्या गटाराचा वास येत होता. हवा न मिळाल्याने आतील जीव मेले होते. ती माती पसरलेल्या तीन हेक्टरांवर पहिल्या पावसाळ्यात गाजरगवताखेरीज काहीही उगवले नाही. रोपे लावण्याचा खर्च झाला, तोही वाया गेला.

माती परत पसरताना क्रम पाळावा. खाली दगड-मुरूम, त्यावर पिवळी माती, आणि सर्वांत वर काळी माती, किमान एक फूट. पसरण्याआधी खालचा दबलेला थर समतल रेषेत दीड-दोन फूट खोल फाडून घ्यावा. नाहीतर मुळे त्या थरावर येऊन आडवी पसरतात आणि तिसऱ्या उन्हाळ्यात झाड वाळते. काळी माती कमी पडत असेल तर ती सगळीकडे चार बोटे पसरवण्यापेक्षा पट्ट्यापट्ट्यांनी पुरेशी जाड द्यावी. त्या पट्ट्यांतून जीवन बाहेर सरकत जाते.

खाण चालू असताना

पुनर्वसन हे खाण संपल्यावरचे काम नाही. २००३ पासून आपल्या नियमांत टप्प्याटप्प्याने खाण बंद करण्याचा आराखडा आवश्यक आहे, आणि खनिज संवर्धन व विकास नियम, २०१७ मध्येही ती अट कायम आहे. म्हणजे ज्या बाजूचा दगड संपला ती बाजू त्याच वर्षी पुनर्वसनासाठी मोकळी करणे अपेक्षित आहे. दरवर्षीच्या नकाशावर ‘या वर्षी उघडलेले’ आणि ‘या वर्षी झाकलेले’ हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहावेत. त्यातले अंतर वाढत असेल तर ते सर्वांना दिसू द्यावे.

चुन्याची धूळ पानांवर बसते, दवाने किंवा हलक्या पावसाने तिचा पापुद्रा होतो आणि पानांची श्वसनछिद्रे बुजतात. रस्त्यावर पाणी मारणे, डम्पर झाकणे आणि रस्त्याच्या कडेला झुडपे-झाडांचा दोन-तीन ओळींचा पट्टा ठेवणे ही जुनीच कामे आहेत, पण ती दुपारी बंद पडतात आणि तेव्हाच वारा असतो. रात्रीचे दिवे खाली झुकवलेले आणि जंगलाच्या बाजूला झाकलेले असावेत.

एक लहान गोष्ट. मार्चपासून टिटवी सपाट खडीवर अंडी घालते. घरटे असे काही नसते. चार मातकट, डाग पडलेली अंडी खड्यांमध्ये टोके आत करून ठेवलेली असतात आणि दोन पावलांवरूनही ती खडेच वाटतात. ज्या बाजूला टिटव्या ओरडत माणसाच्या अंगावर येतात तेथे चार दगडांना चुना फासून जागा आखावी आणि चालकांना महिनाभर वळसा घालण्यास सांगावे. आखणाऱ्याचा तासही जात नाही, आणि चालकांची नजरही बदलते, हे मी पाहिले आहे.

उतार आणि पाण्याची वाट

टाकाऊ मातीच्या ढिगाचा एकूण उतार २८ अंशांहून अधिक नसावा, अशी अट पर्यावरण परवान्यांत सहसा असते. काळी आणि पिवळी माती मिसळलेल्या ढिगाला मात्र हा उतारही जास्तच होतो, कारण ही माती पाण्याने फुगते आणि सुकल्यावर भेगाळते, आणि पहिल्या मोठ्या पावसाचे पाणी त्या भेगांतून आत शिरते. तेथे उतार आणखी सौम्य करावा आणि टप्पे आतल्या बाजूला किंचित कललेले ठेवावेत, म्हणजे पाणी ढिगाच्या तोंडावरून न घसरता टप्प्यावरच्या चरात येईल.

खाणीच्या वरच्या अंगाला चर काढून बाहेरचे पाणी आत येण्यापासून रोखावे आणि ते मूळ ओढ्यात सोडावे. खाणीतले आणि ढिगांवरचे पाणी मात्र थेट ओढ्यात जाऊ देऊ नये. ते एकामागून एक दोन-तीन गाळकुंडांतून न्यावे. गाळकुंडे मे महिन्यात रिकामी केली नाहीत तर जुलैत ती असून नसल्यासारखी होतात. हे पाणी पुढे वर्धा-पैनगंगेकडे जाते, आणि वाटेत गावांच्या बोड्या (लहान तळी) आहेत.

आधी गवत

८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला निर्देश दिले की, खाणकाम थांबल्यावर खाणीच्या आणि खाणीमुळे बिघडलेल्या जमिनीवर पुन्हा गवत आणावे, ती चारा, वनस्पती आणि प्राणी यांच्या वाढीस योग्य व्हावी, ही अट खाणपट्ट्यात, पर्यावरण परवान्यात आणि खाण आराखड्यात घालावी. कायद्याची ही भाषा जमिनीच्या भाषेशी जुळते. गवताची मुळे पहिल्याच पावसाळ्यात माती धरतात. झाडाला त्यासाठी पाच वर्षे लागतात.

या भागासाठी मारवेल, पवन्या, कुसळ आणि कोरड्या उतारांवर रोशा (तिखाडी) ही गवते विश्वासाची आहेत. बी बाजारातून आणण्यापेक्षा साक्षी तुकड्यातून आणि गावच्या कुरणातून घ्यावे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बी पक्व झाल्यावर, ते गळून पडण्याआधी गवत विळ्याने कापावे, सावलीत वाळवावे आणि कोरड्या जागी पेंढ्या रचून ठेवाव्यात. जूनमध्ये पावसाच्या तोंडावर या पेंढ्या मोकळ्या करून उतारावर पातळ पसराव्यात. त्यातून बी पडते, वरचे काड मातीला झाकते, आणि कुरणातल्या ज्या लहानसहान वनस्पतींची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत त्यांचेही बी आपोआप येते. वेगळे काढलेले बी पेरायचे असेल तर हेक्टरी चार ते सहा किलो पुरते. हे बी हलके व केसाळ असते, वाऱ्याने उडते. म्हणून ओली माती आणि शेण यांत घोळवून त्याच्या बारीक गोळ्या कराव्यात.

पहिली तीन वर्षे मोकळी चराई बंद आणि कापून नेण्यास मुभा, हा नियम ग्रामसभेत ठरवून घ्यावा. नुसते तारेचे कुंपण घातले तर ते दुसऱ्या उन्हाळ्यात तुटते, आणि ज्याच्या घरी दोन बैल आणि चार शेळ्या आहेत त्याला दोष देता येत नाही. कोणत्या वस्तीने कोणत्या उतारावरचा चारा कापायचा हे लिहून ठरवले, तर राखणही तेच लोक करतात.

मग झाडे

चुनखडीच्या जमिनीत सामू (पीएच) आठच्या वर असतो. लोह, जस्त आणि स्फुरद मातीत असूनही मुळांना मिळत नाहीत. रोपाची नवी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागल्या की ते लोहाच्या कमतरतेचे लक्षण समजावे. यावर युरिया घालणे चूक आहे. खड्ड्यात कुजलेले शेणखत आणि साक्षी तुकड्यातील झाडाखालची दोन मुठी माती घालावी. त्या मातीतून मुळांना साथ देणारी बुरशी येते. ती माती घेताना एकाच जागी खड्डा करू नये, ठिकठिकाणाहून थोडी थोडी घ्यावी.

खडकाळ, कोरड्या टप्प्यांवर सालई, धावडा, कुलू, गणेरी आणि बेल. मातीच्या पट्ट्यांवर साग, कडुनिंब, करंज, पळस, आवळा, बोर, सीताफळ. आणि पाण्याच्या कडेला अर्जुन व जांभूळ, अशी ढोबळ वाटणी चालते. सागाला चुना मानवतो, म्हणून तो लावण्याचा मोह होतो, पण निव्वळ सागाची लागवड म्हणजे पक्ष्यांना ना फळ ना कीटक. हेक्टरी अडीच हजार रोपांची दाटी येथे करू नये. चारपाचशे झाडे, गटागटाने, आणि मधे मोकळे गवत, हे या प्रदेशाच्या मूळ रूपाशी जास्त जुळते.

बियांचे वेळापत्रक पाळावे लागते. मोहाचे बी वाळवून पुढच्या वर्षासाठी ठेवता येत नाही. जून-जुलैत मिळाले की त्याच आठवड्यात पेरावे. निंबोळीचेही तसेच आहे. सागाचे बी आळीपाळीने भिजवून व वाळवून पेरले तर उगवण सुधारते. रोपे दोन चांगले पाऊस झाल्यावर लावावीत. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो, म्हणून पहिले दोन उन्हाळे पाणी देण्याची सोय आधी करावी आणि ती जेवढ्या रोपांना पुरेल तेवढीच रोपे लावावीत.

सुबाभूळ आणि विलायती बाभूळ या दोन्हींपासून दूर राहावे. त्या लवकर हिरव्या दिसतात, पण गवत आणि स्थानिक रोपांना जागा ठेवत नाहीत. शिवाय गावाच्या वेशीवर काटेरी झाडी माजली की तिच्यात रानडुकरे येतात आणि त्यांच्यामागे वाघ-बिबटेही येतात. चंद्रपूर औष्णिक विद्युत केंद्राच्या परिसरात वाघ वावरतात हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून वस्तीपासून काही शे मीटरपर्यंत मोकळे कुरण, आणि दाट झाडी जंगलाच्या बाजूला, असाच नकाशा आखावा. रायमुनिया (घाणेरी) दिसला की वरून छाटू नये. जमिनीखालचा बुंध्याचा जोड कुदळीने तोडून झुडूप उलटे टाकावे, आणि तेही फळ धरण्याआधी.

पानगळ कुजवणाऱ्या जिवांकडे मात्र आपण फारसे पाहत नाही. केनियातील मोम्बासाजवळ बांबुरी सिमेंटच्या चुनखडी खाणीत १९७१ पासून कृषितज्ज्ञ रेने हॅलर यांनी लागवड सुरू केली. सव्वीस जातींपैकी तीनच जगल्या, त्यांत सुरू हे झाड होते. पण सुरूची सुईसारखी पाने कुजेनात, खाली नुसता थर साचू लागला. हॅलर यांनी तेथे मिलिपीड, म्हणजे आपली वाणी, आणून सोडल्या. त्यांनी पाने खाऊन विष्ठेतून माती तयार केली, आणि आज तेथे वन उभे आहे. सुरू आपल्याकडे आणण्याचे कारण नाही. वाणी मात्र आपल्याकडे आहेतच. सोयाबीनची कोवळी रोपे खाते म्हणून शेतकरी तिला वैतागतो, पण खाणीच्या ढिगावर ती दिसली तर माती होऊ लागली असे समजावे.

कडे तसेच ठेवावेत

प्रत्येक उघडा दगड हिरवा झालाच पाहिजे, असा आग्रह धरू नये. स्थिर असलेल्या उंच कड्यांपैकी काही भाग मुद्दाम उघडा ठेवावा. त्याच्या कपारीत शृंगी घुबड काड्याही न आणता सरळ मातीत अंडी घालते, डोंगरी पाकोळ्या छताखाली मातीची वाटी बांधतात, आणि आग्या मोहोळ लटकते. मुरमाच्या उभ्या कापात वेडे राघू फेब्रुवारीपासून बिळे कोरतात. अशा कड्याचे सैल दगड आधी काढून घ्यावेत, वरच्या काठाला काटेरी कुंपण व चर करावा, आणि घुबडाचा वावर असेल तर नोव्हेंबर ते एप्रिल त्या बाजूला यंत्र नेऊ नये.

खड्ड्यातले पाणी

दगड संपलेल्या खड्ड्यात पाणी भरते, आणि ते निळे, स्वच्छ दिसते म्हणून लोकांना आवडते. पण काठ उभे असतील तर त्यात ना पाणवनस्पती येते, ना बगळा उतरतो, आणि पडलेले वासरू बाहेर निघत नाही. खड्ड्याला गावच्या बोडीसारखा काठ हवा. पाणी भरण्याआधी, यंत्रे खाली असतानाच, निदान एका बाजूला लांब सौम्य उतार करावा, इतका की बैल सरळ चालत पाण्यात जाईल. उन्हाळ्यात पाणी किती खाली जाते ते पाहून त्या पातळीपर्यंत उतार न्यावा. काठावर काळी माती पसरली की लव्हाळी व इतर पाणगवते धरतात. दुसऱ्या बाजूंना दर शंभरेक मीटरवर प्राण्यांना चढता येईल अशी वाट ठेवावी.

मत्स्यपालन करायचे झाल्यास रोहू-कटलासारखे देशी मासे घ्यावेत. तिलापिया आणि आफ्रिकी मागूर सोडू नयेत, कारण पुराने ते ओढ्यात गेले की परत काढता येत नाहीत. पिण्यासाठी पाणी वापरण्याआधी तपासणी करून घ्यावी. स्वच्छ दिसणे हा पुरावा नाही.

कागद, पैसा आणि राखण

खाण बंद करण्याचा अंतिम आराखडा नियोजित तारखेच्या दोन वर्षे आधी भारतीय खाण ब्युरोकडे द्यावा लागतो. ब्युरोचे मुख्यालय नागपूरला आहे. हा आराखडा मंजुरीला जाण्याआधी ग्रामसभेत मराठीतून वाचला जावा, अशी मागणी गावाने करावी, आणि खाणीने हे वाचन स्वतःहून करावे. जमीन शेवटी कोणाच्या ताब्यात जाणार, चाऱ्यावर आणि पाण्यावर कोणाचा हक्क, राखणदाराचा पगार किती वर्षे आणि कोठून, ही उत्तरे त्यात स्पष्ट नसतील तर बाकी नकाशे कितीही सुबक असोत, पाच वर्षांत जमीन बेवारस होते. खाणबाधित गावांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी असतो. गावची रोपवाटिका किंवा बोडीची दुरुस्ती यांचे प्रस्ताव त्यातून मांडता येतात, परंतु जी जमीन खाणीने स्वतः दुरुस्त करायची आहे तिचा खर्च या निधीवर ढकलू देऊ नये.

आग ही वेगळी काळजी आहे. मार्चमध्ये मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळण्याची सवय आहे, आणि तिसऱ्या वर्षाचे गवत तेव्हा पेट घेण्यास तयार असते. फेब्रुवारीत जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मोकळा केलेला पट्टा) काढावी, आणि मोहाच्या झाडांखाली पाला झाडून देण्याची मजुरी खाणीने द्यावी. जळलेल्या लागवडीच्या तुलनेत ती मजुरी नगण्य आहे.

देखरेखीसाठी जगलेल्या रोपांची टक्केवारी पुरेशी नाही. दरवर्षी ऑगस्टच्या अखेरीस ठरलेल्या वीस-पंचवीस जागी एक मीटर लांब-रुंद चौकट टाकावी. प्रत्येक चौकटीत उघडी माती किती, गवताच्या जाती किती, परके तण किती हे लिहावे. मग तेथेच पाला बाजूला करून वीतभर माती उकरावी, आणि गांडुळे व वाणी मोजून परत सोडाव्यात. साक्षी तुकड्यातही त्याच दिवशी हेच करावे. दोन्ही नोंदी एकाच वहीत समोरासमोरच्या पानांवर असाव्यात आणि त्या वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत राहावी.